बिडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड आणि मधलं गॅस्केट

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातले बहुतेक मिस्त्री ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रकवर हात बसवून तयार झाले. त्या जुन्या इंजिनांत हेड (इंजिनाचं वरचं झाकण) बिडाचं आणि ब्लॉक (सिलिंडरांचा खालचा भाग) पण बिडाचाच. दोन्ही सारखेच तापतात, सारखेच निवतात. दोन्हींच्या मधे बसून गॅस, पाणी आणि तेल अडवणारं गॅस्केट नंबर सांगून आणायचं, दोन्ही बाजूंना चांदी रंग किंवा शेलॅक मारायचा, पान्याला पाइप घालून ओढायचं आणि चार-पाचशे किलोमीटरनंतर परत एकदा आवळायचं, ही पद्धत तिथं वर्षानुवर्षं चालली आणि गाड्याही चालल्या. आता दारात येतात त्या गाड्या वेगळ्या. मारुती ८०० आणि ओम्नी, १.३ लिटर मल्टिजेट डिझेलच्या स्विफ्ट-डिझायर, जुन्या एमहॉक इंजिनाची स्कॉर्पिओ, अडीच लिटर डिझेलची इनोव्हा, या सगळ्यांचा ब्लॉक बिडाचा पण हेड अ‍ॅल्युमिनियमचं. त्यांच्यावर ट्रॅक्टरची पद्धत लावली की काही महिन्यांत चोर्ला घाटाच्या चढावर गाडी परत वाफ सोडते, आणि शिव्या गॅस्केटच्या कंपनीला बसतात.

असं काम बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमच्या हाताखालून कसं जातं, कुठं काय मोजतो आणि गॅस्केट कधी ठरवतो, ते इथं लिहितोय. ठरवतो ते सगळ्यात शेवटी. हेड मशीनवरून उतरल्यावर, ब्लॉक तपासल्यावर आणि पिस्टनची उंची मोजल्यावर. हेड गाडीवरच असताना दुकानात फोन करून ‘सेट पाठव’ म्हटलं की पुढची सगळी मापं त्या आलेल्या गॅस्केटला जुळवायची पाळी येते.

गॅस्केटला नेमकं काय सोसायचं असतं ते आकड्यांत बघूया. अ‍ॅल्युमिनियम तापलं की बिडाच्या साधारण दुप्पट वाढतं. चार सिलिंडरचं हेड ४०० मिमी लांब धरा. सकाळी २० अंशांवर असलेलं इंजिन १०० अंशांवर गेलं, की हेड सुमारे ०.७ मिमी वाढू बघतं आणि ब्लॉक सुमारे ०.३५ मिमी. मधल्या बोल्टांपासून दोन्ही टोकांकडे हा फरक वाटला, तर प्रत्येक टोकाला हेड ब्लॉकवरून ०.१७ मिमीच्या आसपास सरकायला बघतं. इंजिन निवलं की परत उलटं. गाडी जितक्या वेळा चालू होऊन बंद होते तितक्या वेळा हे घासणं होतं, आणि कडेचे सिलिंडर व कडेची पाण्याची भोकं आधी का गळतात त्याचं एक कारण हेच.

उभ्या दिशेनंही तसंच. हेडची उंची १२० मिमी धरली तर त्यातून जाणाऱ्या स्टीलच्या बोल्टापेक्षा हेड ०.१ मिमी जास्त वाढतं. म्हणून गरम इंजिनात बोल्टावरचा ताण चढतो आणि गॅस्केट जास्त दाबलं जातं. थंड झालं की ताण उतरतो. मऊ गॅस्केट गरम असताना दबतं, पण निवल्यावर तेवढं परत उठत नाही. सकाळी हेडच्या सांध्यातून पाणी पाझरतं आणि गाडी तापली की थांबतं, ही तक्रार तिथूनच येते.

हेड उतरवायच्या आधी एक खात्री करून घ्यावी, की दोष खरंच गॅस्केटचा आहे. थंड इंजिन चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत, पाणी अजून कोमटही झालेलं नसताना, रेडिएटरचा वरचा होज हाताला टणक लागला तर सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतोय. कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे, बाहेर थेंब नसताना पाणी कमी होणं, शेजारच्या दोन सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकदम पडणं या खुणा पक्क्या. पेट्रोल गाडीवर निळ्या द्रावाची चाचणी चांगली चालते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली आणि निळं पिवळं झालं की प्रश्न मिटला. डिझेलमध्ये आयडलला हवा जास्त आणि कार्बन डायऑक्साइड कमी, म्हणून रेस देऊन, इंजिनावर भार टाकून बघावं लागतं. आणि ऑइल चहासारखं झालं किंवा टाकीत तेलकट मळी आली म्हणजे हेड गॅस्केटच, असं नाही. डिझेलमध्ये ऑइल कूलर आतून फुटला तरी हेच दिसतं. ईजीआर कूलर (धुरातला गॅस परत इंजिनात नेताना थंड करणारा) फुटला तर पाणी जळून पांढरा धूर येतो आणि बाहेर थेंब दिसत नाही. हे दोन्ही बाजूला काढून हवेनं तपासायला हेड उतरवण्यापेक्षा खूप कमी वेळ लागतो.

हेड उतरवायचं ते इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. घाटातून टोचन करून आणलेली गाडी त्याच संध्याकाळी उघडायची घाई मालकाला असते, आपल्याला नसावी. गरम अ‍ॅल्युमिनियमवरचे बोल्ट एका बाजूनं सोडत गेलं की हेड तिथंच वाकतं. बोल्ट टोकांकडून मध्याकडे, दोन-तीन टप्प्यांत सोडायचे. हेड चिकटलं असेल तर सांध्यात स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नये. त्या ओरखड्यावर पुढं कुठलंच गॅस्केट बसत नाही. कडेच्या कानांवर लाकडी हातोड्यानं ठोकून सुटतं. काढलेलं हेड दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवायचं, कारण डिझेल हेडमध्ये व्हॉल्व्ह किंवा ग्लो प्लग खाली डोकावत असतात.

जुनं गॅस्केट भंगारात टाकायच्या आधी वाचावं. कुठल्या सिलिंडरभोवती काजळीची वाट पडलीय, सिलिंडरभोवतीची कुठली स्टीलची कडी जळलीय, पाण्याच्या भोकाभोवती कोटिंग उडालंय का. दोन बोअरमधल्या (सिलिंडरांच्या भोकांमधल्या) पुलावर जळालं असेल तर बहुतेक वेळा गाडी जास्त तापलीय किंवा हेड वाकलंय. एका टोकालाच घासल्याच्या रेघा असतील तर बोल्ट सैल पडले किंवा जागा धरणारी डॉवेलची कडी कुणीतरी हरवलीय. गॅस्केटच्या कडेच्या खाचा किंवा भोकं मोजून लिहून ठेवायची. डिझेलमध्ये जाडीची ओळख तीच असते. पण तिच्यावर डोळे मिटून विश्वास नको. आधी कुणी हात घातला असेल तर चुकीच्या जाडीचंही बसवलेलं सापडतं.

फेस (हेड आणि ब्लॉकचा गॅस्केट बसायचा सपाट भाग) साफ करताना सगळ्यात मोठं नुकसान होतं ते ग्राइंडरवरच्या खरखरीत चकतीनं. ती अ‍ॅल्युमिनियमवर खड्डे पाडते, आणि तिची झडलेली पूड तेलाच्या वाटेनं बेअरिंगपर्यंत पोचते. नव्या गॅस्केटवर आठवडाभर चाललेलं इंजिन मग बेअरिंग खाऊन परत येतं आणि कुणालाच कळत नाही का. प्लॅस्टिकची पट्टी, गॅस्केट मऊ करणारा स्प्रे आणि वेळ, एवढंच वापरावं. तेलाच्या आणि पाण्याच्या भोकांत आधी कापडाचे बोळे. जुन्या इंजिनावरचं गॅस्केट अ‍ॅस्बेस्टॉसचं असण्याची शक्यता असते. ते कोरडं खरवडू नये, पाण्यानं भिजवून काढावं आणि हवेनं फुंकू नये.

आता हेडची मापं. सरळ स्टीलची पट्टी लांबीनं तीन ठिकाणी, दोन्ही तिरक्या रेषांवर आणि आडवी, प्रत्येक बोअरवर टेकवायची आणि खाली ०.०५ मिमीची फिलर पट्टी घालून बघायची. चार सिलिंडरच्या छोट्या इंजिनाला लांबीत ०.०५ ते ०.०८ मिमीपर्यंत चालतं, आडवं ०.०५ च्या आत हवं. कंपनीच्या पुस्तकात याहून कडक मर्यादा असेल तर तीच धरायची. मापं खोलीच्या तापमानाला. उन्हात ठेवलेलं हेड पट्टीखाली वेगळंच दिसतं.

फेस सपाट आला म्हणजे हेड चांगलं, असं समजणं महागात पडतं. कॅमशाफ्ट वर असलेलं हेड जेव्हा तापून वाकतं तेव्हा त्याचा वरचा भागही वाकलेला असतो. खालून ०.२ मिमी छिललं की खालचा फेस सरळ होतो. कॅम बसायच्या जागा मात्र केळीसारख्या वाकलेल्याच राहतात. म्हणून व्हॉल्व्हची यंत्रणा काढून, नुसता कॅम कॅपसह बसवून हातानं फिरवायचा. कुठंही अडला तर आधी हेड सरळ करायचं, मग फेसिंग. सरळ करायची पद्धत अशी, की जाड स्टीलच्या पाटावर हेड शिम (पातळ पत्रे) देऊन उलट्या बाजूला ताणून बोल्टनं धरायचं, भट्टीत सव्वादोनशे ते अडीचशे अंशांवर काही तास ठेवायचं आणि भट्टीतच सावकाश निवू द्यायचं. हे ज्याच्याकडे नीट भट्टी आणि तापमापी आहे त्यानंच करावं. गॅसच्या ज्योतीवर हेड सरळ करणारे आहेत. त्यांच्याकडे हेड पाठवण्यापेक्षा नवं शोधलेलं बरं.

भरपूर तापलेल्या हेडचा आणखी एक रोग डोळ्यांना दिसत नाही. उष्णोपचारानं आणलेला कडकपणा उतरतो आणि धातू मऊ पडतो. मग बोल्टाचा वॉशर हेडमध्ये रुतायला लागतो आणि बोल्ट कितीही आवळला तरी ताण टिकत नाही. दहन कक्षांच्या मधल्या जागी आणि बोल्टांच्या बसण्यांवर ब्रिनेल कडकपणा मोजून घ्यावा. चांगलं हेड साधारण ८० च्या आसपास किंवा वर येतं. एकाच हेडवर एका टोकाला ८५ आणि दुसऱ्या टोकाला ५५ लागलं तर ते हेड भंगारात घालावं, फेसिंगचा खर्च करू नये. बेळगावात बीड आणि अ‍ॅल्युमिनियम ओतणाऱ्या फाउंड्र्या आहेत, त्यामुळं कडकपणा मोजायचं यंत्र शोधत फार लांब जावं लागत नाही. शेवटी प्रेशर टेस्ट. पाण्याची तोंडं बंद करून तीन-चार बार हवा आणि हेड गरम पाण्यात बुडवायचं. थंड पाण्यात न दिसणारी व्हॉल्व्ह सीटांच्या मधली चीर ७०-८० अंशांच्या पाण्यात बुडबुडा सोडते.

फेसिंगसाठी मशीनवाल्याला फक्त ‘कटिंग मार’ म्हणू नये. किती मिमी आणि कसला फिनिश, ही दोन्ही मापं सांगावीत. फिनिश ‘आरए’ या खरबरीतपणाच्या मापात सांगतात. ग्राफाइटच्या गॅस्केटला दीड ते दोन मायक्रॉनचा थोडा खरबरीत फेस चालतो, तिथं त्याला जरा पकडही मिळते. थरांच्या स्टील गॅस्केटला, म्हणजे एमएलएसला, ०.८ मायक्रॉनच्या आत हवा, ०.५ मिळाला तर उत्तम. नखानं चाचपून हा फरक कळत नाही. उद्यमबागेत हायड्रॉलिकचे व्हॉल्व्ह आणि स्पूल बनवणारी वर्कशॉप आहेत, त्यांच्याकडे आरए मोजायचं यंत्र रोजच्या वापरात असतं. एकदा आपल्या नेहमीच्या मशीनवाल्याचा फेस तिथं मोजून घेतला की त्याच्या मशीनवर काय शक्य आहे ते कायमचं कळतं.

दगडाच्या चाकाच्या जुन्या सरफेस ग्राइंडरवर अ‍ॅल्युमिनियम चांगलं येत नाही. दगडाची छिद्रं धातूनं भरतात आणि फेसवर ओढल्यासारख्या रेघा येतात. फ्लाय कटरच्या मशीनवर, जास्त फेऱ्या आणि कमी फीड ठेवून, शेवटचा पास ०.०२ ते ०.०३ मिमीचा घेतला तर एमएलएसला लागणारा फिनिश मिळतो. अ‍ॅल्युमिनियमला पीसीडीची (कृत्रिम हिऱ्याची) टीप, बिडाला सीबीएनची (बोरॉन नायट्राइडची). पीसीडी बिडावर चालवली तर तिची धार लगेच मरते. दोन्ही कामांना एकच टीप वापरणाऱ्याकडून एमएलएसचा फेस मिळायची आशा ठेवू नये.

छिलायचं किती, याला हेडच्या किमान उंचीची मर्यादा असते. ती व्हर्नियरनं आधी मोजावी. डिझेलच्या सपाट हेडमध्ये आणखी एक भानगड असते. फेस ०.२ मिमी छिलला की व्हॉल्व्ह तेवढेच खाली येतात आणि पिस्टनला लागायची भीती. म्हणून सीट परत कापून व्हॉल्व्हची खोली पुस्तकातल्या मापावर आणायची. हे न करता ‘जाड गॅस्केट टाकू’ म्हणणारे बरेच आहेत. त्यानं व्हॉल्व्ह वाचतो, पण पिस्टन आणि हेडमधली फट वाढते आणि कॉम्प्रेशन घसरतं. मग डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सकाळी गाडी पांढरा धूर सोडत अर्धा मिनिट खोकत राहते.

ब्लॉककडे लोक कमी बघतात, कारण बीड वाकत नाही असा समज आहे. पट्टी तिथंही लावायची. बीड कमी वाकतं हे खरं, पण बोल्टांच्या भोकांभोवतीचा काठ वर ओढला गेलेला असतो. भोकाच्या तोंडाला हलकीशी चॅम्फर (तिरका काठ) मारून तो काढायचा. पुन्हा बोअर करून कोरडे लायनर (पाण्याला न लागणाऱ्या आतल्या नळ्या) घातलेले ब्लॉक आपल्या भागात भरपूर आहेत, आणि तिथं लायनरची वरची कड ब्लॉकच्या फेसशी सपाट आहे का ते बघणं सगळ्यात महत्त्वाचं. लायनर ०.०५ मिमी जरी खाली गेला तर गॅस्केटच्या कडीखाली दाबच राहत नाही. ओल्या (बाहेरून पाणी लागणाऱ्या) लायनरच्या इंजिनात उलट असतं, लायनर फेसच्या थोडा वर हवा, आणि सगळे एकाच उंचीवर. पावसाळ्यात मशीनवरून आलेला बिडाचा फेस उघडा ठेवला तर सकाळपर्यंत तांबडा होतो, खानापूर बाजूला तर हमखास. तेल चोळून ठेवायचा आणि हेड बसवायच्या आधी ते तेल सॉल्व्हंटनं पूर्ण काढायचं.

इतकं झाल्यावर गॅस्केटची निवड सोपी होते.

ग्राफाइट किंवा फायबरचं मिश्र गॅस्केट म्हणजे मधे दातेरी पत्रा, दोन्ही बाजूंना मऊ थर आणि बोअरभोवती स्टीलची कडी. फेस थोडा खरबरीत असला, बारीक चरे असले तरी ते सांभाळून घेतं. जुन्या ८०० किंवा ओम्नीसारख्या कमी दाबाच्या पेट्रोल इंजिनाला हे पुरतं. कमजोरी दोन. त्याची कडी मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये चर पाडते. पुढच्या वेळी नव्या गॅस्केटची कडी त्या चरावर थोडी इकडेतिकडे बसली की गॅस निसटतो. आणि ग्राफाइट वीज वाहून नेतं, अ‍ॅल्युमिनियमपेक्षा ‘उच्च’ धातूसारखं वागतं. कूलंट संपलेलं, नुसतं बोअरवेलचं पाणी भरलेलं असलं की पाण्याच्या भोकाभोवती अ‍ॅल्युमिनियमच झिजत जातं.

एमएलएस म्हणजे स्प्रिंग स्टीलचे तीन-चार किंवा पाच थर, प्रत्येक साधारण ०.२ ते ०.२५ मिमीचा, बोअर आणि भोकांभोवती उठावाच्या रेघा, वर रबरासारखं पातळ कोटिंग. उठाव स्प्रिंगसारखे काम करतात. गरम-थंडमध्ये हेड वर-खाली झालं तरी ते मागे उठतात, आणि थर एकमेकांवरून थोडे सरकू शकतात, म्हणून हेडचं ते ०.१७ मिमीचं आडवं ओढणं फेसवर ओरखडे न पाडता सोसलं जातं. कॉमन रेल डिझेलमध्ये सिलिंडरचा दाब दीडशे बारच्या आसपास जातो. तिथं दुसरं काही घालायचा विचारच करू नये. पण याला फेस माफ नाही. ग्राफाइटसाठी केलेल्या खरबरीत फेसवर, ‘भारीतलं टाकू’ म्हणून एमएलएस टाकलं, तर कोटिंग रेघांत भरत नाही आणि पाणी पहिल्याच आठवड्यात झिरपतं. कंपनीनं जर त्या इंजिनाला मिश्र गॅस्केट दिलं असेल आणि फेस नव्यानं नीट करता येत नसेल, तर मिश्रच घालावं. भारी गॅस्केटपेक्षा फेसला जुळणारं गॅस्केट जास्त टिकतं.

तांब्याचं गॅस्केट भाजून मऊ करून परत वापरायची जुनी रीत अजून ऐकू येते. रेसच्या इंजिनांत, ब्लॉकला कडीसाठी चर मारून तांबं वापरतात. रस्त्यावरच्या गाडीत पाणी धरत नाही म्हणून त्याची कटकट होते. आणि उंची वाढवायला दोन गॅस्केट एकावर एक, हे तर कुठल्याच इंजिनात करू नये.

बोअरचा व्यास बघायला विसरतात. ब्लॉक ०.५० किंवा १.०० ओव्हरसाइझला (तेवढे मिमी मोठा बोअर करून) गेला असेल तर स्टँडर्ड गॅस्केटची कडी सिलिंडरच्या आत लोंबकळते, लालबुंद होते आणि जळते. गॅस्केटचं भोक बोअरपेक्षा चहूबाजूंनी अर्धा-पाऊण मिमी मोठं हवं. ओव्हरसाइझचा दुसरा परिणाम, ०.५० बोअर वाढला की दोन सिलिंडरांमधला पूल ०.५० मिमीनं अरुंद होतो. तो पूल आधीच सात-आठ मिमीचा आणि इंजिनातली सगळ्यात गरम जागा. तिथं मिश्र गॅस्केट फार काळ टिकत नाही.

जाडी डिझेलमध्ये पिस्टनवरून ठरते. डायल गेज ब्लॉकच्या फेसवर शून्य करायचा, पिस्टन टॉपवर आणायचा, आणि पिस्टन-पिनच्या रेषेवरच्या दोन टोकांवर मोजून सरासरी काढायची; दुसऱ्या कुठं मोजलं तर पिस्टन डुलतो आणि माप खोटं येतं. चारही सिलिंडर. पुस्तकात सरासरी धरायची की सगळ्यात वरचा पिस्टन, ते दिलेलं असतं. समजा पिस्टन ०.५० मिमी वर येतोय आणि दाबल्यावर १.२० मिमी राहणारं गॅस्केट आहे, तर फट ०.७० मिमी. ब्लॉक ०.१० छिलला तर पिस्टन ०.६० वर येणार, मग एक नंबर जाड, १.३० चं गॅस्केट हवं. खाचांवरून जाडी ओळखायची तर त्याच इंजिनाच्या तक्त्यावरूनच, कारण प्रत्येक कंपनीची खूण वेगळी.

पेट्रोलमध्ये जाडीचा हिशेब कॉम्प्रेशनचा. ८०० च्या इंजिनाचा बोअर ६८.५ आणि स्ट्रोक ७२, म्हणजे एका सिलिंडरला सुमारे २६५ सीसी. गॅस्केट ०.३ मिमी जाड पडलं तर दर सिलिंडरला सुमारे १.१ सीसी जागा वाढते, आणि ८.७ चं कॉम्प्रेशन ८.५ च्या खाली येतं. गाडी चालते, पण चढावर मालकाला फरक जाणवतो. हेड छिललेलं असेल तर तेच जाड गॅस्केट बरोबर ठरतं. म्हणून ही दोन्ही मापं एकत्र बघायची.

टालब्रोस, व्हिक्टर राइन्झ, एलरिंग ही नावं बाजारात सहज मिळतात, आणि त्यांच्या खोट्या पेट्याही मिळतात. पेटीपेक्षा गॅस्केट बघावं. उठाव सगळीकडे सारखा आहे का, थर रिव्हेटनं नीट जोडलेले आहेत का, मायक्रोमीटरवर जाडी जुळते का. घडी पडलेलं, वाकलेलं एमएलएस सरळ करून बसवू नये, परत द्यावं. एसटीच्या पार्सलनं कोल्हापूरहून मागवलं तर दोन पुठ्ठ्यांच्या मधे सपाट बांधून पाठवायला सांगावं.

बोल्टांचं काम तर गॅस्केटहून मोठं. पान्यावर दिलेल्या जोरापैकी बोल्ट ताणायला फक्त दहावा हिस्सा उरतो. बाकी आटे आणि बोल्टाच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो. आटा गंजका असला की पाना क्लिक करतो आणि बोल्ट सैलच असतो. म्हणून ब्लॉकमधले आटे चेझरनं साफ करायचे, टॅपनं नाही, कारण टॅप धातू काढतो. बंद भोकांत तेल किंवा पाणी राहू देऊ नये. बोल्ट त्या पाण्याला पिस्टनसारखा दाबतो आणि बीड चिरतं. हवेनं फुंकून, कापूस घालून कोरडं करावं. कोन देऊन (ठरलेल्या अंशांनी फिरवून) ताणायचे बोल्ट एकदाच वापरायचे. लांबी मोजून मर्यादेत आहे म्हणून परत वापरायला पुस्तक परवानगी देत असेल तरच ते वापरावेत. आट्यांना आणि वॉशरला इंजिन ऑइलचा हलका हात, पुस्तकात कोरडे लिहिलं असेल तर कोरडे.

गॅस्केटची ‘वरची बाजू’ बघून डॉवेलवर ठेवायचं. एमएलएसवर ग्रीस, चांदी रंग, शेलॅक, सिलिकॉन, काही नाही. टायमिंग कव्हर आणि ब्लॉक जिथं मिळतात त्या तिठ्यावर पुस्तक सांगत असेल तर सिलिकॉनचा एक थेंब, तेवढाच. हेड सरळ वरून दोघांनी उतरवायचं. गॅस्केटवरून सरकवलं तर कोटिंग खरवडतं. आवळताना मध्यापासून बाहेर गोल फिरत. टप्पे साधारण असे असतात: २० न्यूटन-मीटर, मग ४०, मग ९० अंश, परत ९० अंश, खरा आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकातला. प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावर रंगाचा ठिपका दिला की कुठला राहिला ते दिसतं. जुने टॉर्क पाने किलोग्रॅम-मीटर किंवा फूट-पाउंडमध्ये असतात. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर, एक फूट-पाउंड म्हणजे १.३६. हा गुणाकार कागदावर करावा.

कोनानं ताणलेले बोल्ट परत आवळायचे नाहीत. मालक हजार किलोमीटरनंतर ‘टाइट करून घेऊया की’ म्हणत आला तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

पाणी भरताना निम्मं इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी. अथणी, रायबाग बाजूचं बोअरवेलचं पाणी जड. त्यातला क्षार पाण्याच्या वाटांत बसतो आणि हेड एका जागी तापायला लागतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, इथं उघडं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. त्यामुळं रेडिएटरची टोपी दाब धरते का ते तपासणं हा या कामाचाच भाग आहे. ०.९ बारची टोपी नीट असली तर कूलंट ११८ अंशांच्या पुढंही उकळत नाही. सैल टोपीत आंबोलीचा अर्धा घाटही निघत नाही. थर्मोस्टॅट गरम पाण्यात उघडून बघायचा, फॅन आपोआप लागतो का बघायचं. हवा काढायच्या स्क्रूतून सलग धार येईपर्यंत पाणी भरत राहायचं. हवेचा गोळा हेडमध्ये राहिला तर तापमानाचा काटा शांत असतो आणि हेड भाजत असतं, कारण सेन्सर वाफेत असतो.

ऑइलमध्ये पाणी गेलेलं असेल तर नवं स्वस्त ऑइल टाकून आयडलला दहा-पंधरा मिनिटं चालवून काढायचं, मग फिल्टर आणि चांगलं ऑइल. पहिल्यांदा गाडी थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गरम करायची, पूर्ण निवू द्यायची, पातळी बघून भरायची. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर परत बघायची, आणि वंटमुरीचा चढ भरलेल्या गाडीनं एकदा चढून आल्यावर वरच्या होजला हात लावून बघायचा.